डावीकडची सीट

नवं काही घ्यायचं म्हटलं की हळूसरांचा हात आखडता, आणि जुन्या बाजारात स्वस्त माल दिसला की तोच हात एकदम सैल. घरातलं कपाट जुनं, पंखा जुना, क्लासची गाडी तर दोन घरं फिरून आलेली. बायको म्हणायची, "नशीब माझं, मला तरी नवी करून आणलीत." सर यावर हसायचे आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून जुन्या सामानाचे फोटो बघत बसायचे.

मोटार शिकवण्याचा त्यांचा क्लास होता. घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस आणि दारात उभी असलेली गाडी म्हणजे सगळी इस्टेट. शिकणाऱ्याच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर बसून ते दिवसभर "हळू, हळू" म्हणत राहायचे, म्हणून गावाने त्यांचं हळूसर करून टाकलं होतं. पाटीवर खरं नाव होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे.

शिकवण्याची त्यांची एक खास रीत होती. क्लासच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, जादा क्लच आणि जादा ब्रेक असतो. त्याला डबल कंट्रोल म्हणतात. सर तो ब्रेक इतका अलगद दाबायचे की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. वर म्हणायचे, "बघा, वेळेवर थांबलात की नाही?" हे साफ खोटं असायचं, पण त्या खोट्यावर कितीतरी भित्री माणसं गाडी शिकून गेली होती. मग शेवटच्या दिवशी, काही न बोलता, सर सीटखालची दांडी ओढून आपली सीट पार मागे सरकवायचे. शेवटच्या खाचेत ती 'टक्' करून बसली की त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचणं शक्यच नसे. हात मांडीवर, तोंडाला कुलूप. गाडी परत दारात येऊन उभी राहिली की शिकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि सांगायचे, "आज मी नव्हतोच." त्या वाक्यावर माणसांचे चेहरे असे फुलायचे की सरांना दिवसभराचा शीण जाणवत नसे.

अलीकडे मात्र सरांना रात्री झोप लागत नव्हती. उजव्या गुडघ्याने दगा द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते सरांनी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. मध्यंतरी एक सायकलवाला अगदी थोडक्यात वाचला. ब्रेक दाबायचा हे डोक्याला वेळेवर कळलं होतं, पायाला उशिरा कळलं. त्यांना आता एकच घाई झाली होती. गुडघा पुरता बसायच्या आत लेकीला गाडी शिकवायची आणि क्लास तिच्या हातात द्यायचा. लेक हुशार होती, बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती, पण स्टिअरिंगची तिने धास्ती घेतली होती. एकदा भर चौकात तिच्या हातून गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ झाला, तशी ती दार उघडून खाली उतरली आणि चालत घरी आली होती. गाडी तिथेच सोडून. त्यानंतर तिने चावीला हात लावला नव्हता.

त्यात चौकापलीकडे एक नवा क्लास निघाला. चकचकीत गाड्या, आत गार हवा. सरांकडे चौकशीला येणारी माणसं गाडीला एक चक्कर मारायची आणि "कळवतो" म्हणून जायची. म्हणून मोबाइलवर चार जुन्या पण लखलखीत अलॉय चाकांचा फोटो दिसला तेव्हा सर ताठ बसले. भाव बघून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला.

"शिकाऊ गाडीला अलॉय?" बायको म्हणाली. "म्हशीला पैंजण घालताय."

"गिऱ्हाईक आधी चाकं बघतं," सर म्हणाले, आणि दुपारीच निघाले.

माल ठेवलेली शेड गावाबाहेर होती. पत्र्याचं उंच छप्पर, आत ओळीने टांगलेले बंपर, भिंतीला टेकवलेली दारं. दारांच्या काचांवर अजून कुणाकुणाची स्टिकरं होती. एका खोक्यात नुसते आरसे भरले होते आणि सर पुढे गेले तसे त्यांच्या शर्टाचे तुकडे त्या आरशांतून त्यांच्याबरोबर चालत गेले. जुन्या ऑइलचा आणि उन्हात तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. गोदामवाला स्टुलावर बसून एक चाक ओल्या फडक्याने पुसत होता. चाक लख्ख होतं, तरी पुसत होता.

"चारही एकाच गाडीची?" सरांनी विचारलं.

"एकाच. पण नुसती चाकं नाही देणार."

"म्हणजे?"

त्याने मागे मान वळवली. ताडपत्रीवर मोटारीची पुढची एक सीट ठेवली होती आणि त्या सीटवर, कुणीतरी मांडीवर घेतल्यासारखा, डबल कंट्रोलचा पेडलचा सेट. "हे सगळं एकत्र न्यायचं. एका गाडीचं एका घरी."

सरांना लॉटरीच लागल्यासारखं वाटलं. त्यांची सीट फाटली होती आणि डबल कंट्रोल तर इतका झिजला होता की दाबताना कुरकुरायचा. "क्लासची गाडी होती?"

"होती."

"ठोकलेली?"

"एक ओरखडा नाही."

"मग सुटी कशाला केली?"

गोदामवाल्याने फडकं पिळलं. "एक बाई आणून सोडून गेल्या. म्हणाल्या, घरात चालवणारं कोणी उरलं नाही."

सरांनी जिभेने चुकचुक केलं आणि भाव विचारला. सगळ्याचा मिळून भाव नुसत्या चाकांइतकाच होता. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी घासाघीस केली नाही, आणि ती चुटपूट त्यांना घरी येईपर्यंत लागून राहिली. चाकं आणि पेडलं गोदामवाल्याने स्वतः गाडीत ठेवली. सीट मात्र सरांनाच उचलायला लावली, आणि सर ती घेऊन निघाले तेव्हा तो भिंतीला चिकटून उभा राहिला, येणाऱ्याला वाट द्यावी तसा.

सामान बसवायला मेस्त्री घरीच आला. हा सरांचा नेहमीचा माणूस, तोंडात सतत काहीतरी कुरकुर. त्या दिवशी तो गप्प गप्प काम करत होता. पेडलांसाठी एकही भोक नव्याने पाडावं लागलं नाही. सीटचे बोल्ट बोटांनी फिरवले तरी आत गेले. चाकं बसवून फिरवून बघितली, त्यांना तोल साधायला शिशाचा एक तुकडाही लावावा लागला नाही.

"नवा माल बसवताना घासावं लागतं, ठोकावं लागतं," मेस्त्री हात पुसत म्हणाला. "हे जिथल्या तिथे जाऊन बसलं."

"मग चांगलंच की."

"चांगलंच. पण मला चैन पडत नाही, सर."

गाडी मात्र नवरीसारखी दिसत होती. बायकोनेही बाहेर येऊन एक चक्कर मारली आणि काही टोमणा मारला नाही.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा शिकायला टेलरबाई होत्या. बाईंचा हात शिलाई मशिनवर जितका सफाईदार, तितका स्टिअरिंगवर ताठ. बाजाराच्या वळणावर दोन रंगारी खांद्यावर शिडी आडवी घेऊन एकदम रस्त्यात आले. सरांनी पाय उचलायचं ठरवलं आणि गुडघ्यात कळ उठली. तेवढ्यात गाडी थांबली. दाणकन नाही, अगदी सायीसारखी मऊ थांबली, शिडीपासून वीतभर अलीकडे.

"थांबले की नाही मी, सर?" टेलरबाईंचा चेहरा लाल झाला होता.

"बघा, वेळेवर थांबलात," सर सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांची टाच मॅटवर होती. पेडलपासून लांब.

त्यांनी त्याचा फार विचार केला नाही. दोन्हीकडची पेडलं आतून जोडलेली असतात, उजवीकडून दाबलं की डावीकडचंही खाली जातं. बाईंनी दाबला असणार. शिकतंय माणूस हळूहळू, यात नवल काय?

पण त्या आठवड्यात सगळीच माणसं शिकायला लागली. कालपर्यंत खांबावर गाडी घालणारे आज कुत्र्यामांजरांसाठीसुद्धा अलगद थांबायला लागले. सर प्रत्येकाला विचारायचे, "तुम्हीच दाबलात ना?" आणि प्रत्येक जण छाती फुगवून सांगायचा, "हो सर, मीच." दुसरं काय सांगणार? सरांनीच तर त्यांना तसं वाटायला शिकवलं होतं.

सीटचंही काहीतरी विचित्र होतं. गुडघ्याला बरं पडावं म्हणून सर ती संध्याकाळी एका खाचेवर लावून ठेवायचे आणि सकाळी ती थोडी मागे असायची, जरा उंच माणसाला लागते तितकी. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मी कशाला बसू तिथे, बाबा? मला उजवीकडे बसायची भीती वाटते, डावीकडे बसायची हौस नाही." मेस्त्रीने खाचा तपासल्या. एकही झिजलेली नव्हती. सीट दोन्ही हातांनी ढकलली तरी हलत नव्हती.

सरांच्या मनात पाल चुकचुकत होती, नाही असं नाही. पण गुडघ्याला आराम पडत होता. गावात बोलबाला झाला होता की हळूसरांकडे गेलं की भीती पळते. चौकापलीकडच्या क्लासमधून नाव काढून दोन माणसं इकडे आली. आणि एके दिवशी लेक स्वतःहून चावी घेऊन समोर उभी राहिली. "टेलरबाई शिकल्या, मग मी का नाही?"

त्या दिवशी सर तिच्या शेजारी बसले तेव्हा त्यांचाच जीव टांगणीला लागला होता.

"तुमचा पाय आहे ना ब्रेकवर?" तिने विचारलं.

"आहे गं. तू समोर बघ."

पहिले दोन दिवस तिच्या कपाळावर घाम होता. मग खांदे सैल झाले. मग ती गाडी चालवता चालवता बोलायला लागली. सरांना वाटायचं, आता झोपेत गुडघा गेला तरी चालेल. त्या आनंदात ते एकदा तिच्याकडे कौतुकाने बघत होते, तिच्या हातांकडे, मग सहज तिच्या पायांकडे. पुढची बस गचकन थांबली. सरांच्या पायाशी डावीकडचं ब्रेकचं पेडल हळूच खाली गेलं. एका लयीत, घाई नाही, धक्का नाही. अगदी जसं सर दाबायचे तसं.

लेकीचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. गाडी उभी राहिली आणि त्यानंतर तिने तो उचलला.

"थांबवली ना?" ती हसली.

"बघ, वेळेवर थांबलीस की नाही," सर म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, वाक्य तोंडातून आपोआप निघालं. निघाल्यावर त्यांनी पुन्हा खाली पेडलकडे बघितलं.

त्यांनी मेस्त्रीकडून ब्रेक पुरते उघडून घेतले. तार, नळ्या, सगळं ठाकठीक. "काय शोधतोय ते तरी सांगा," मेस्त्री वैतागून म्हणाला. सरांनी बॉनेट बंद केलं. काय सांगणार, की गाडीत आणखी एक सर बसतात, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात?

त्याच वेळी सामान काढून टाकायला हवं होतं. पण एवढी स्वस्तात पडलेली वस्तू टाकायची म्हटलं की सरांचा हात मागे यायचा. आणि खरं सांगायचं तर त्यांना तो पाय हवा होता. स्वतःचा निकामी होत चाललेला असताना दुसरा एक, आयता, चोख पाय मिळाला होता. आज नको, उद्या बघू, असं करत ते रोज त्या सीटवर जाऊन बसत राहिले. पाय मागे घेऊन.

मग पोस्टमनकाकांचा दिवस आला. काका निवृत्त झालेले, जन्मभर सायकलवर फिरलेले. नुकतेच शिकायला लागले होते. गिअर टाकताना अजून खाली बघायचे. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर गाडी चांगली वेगात होती. काका पेन्शनच्या रांगेतला काहीतरी विनोद सांगत होते.

सरांची सीट मागे सरकली.

सर तिच्यावर बसलेले असताना. त्यांनी दांडीला हात लावला नव्हता. सीट अलगद, लोण्यातून गेल्यासारखी मागे गेली आणि शेवटच्या खाचेत बसली. टक्.

सरांना तो आवाज ओळखू आला. ती त्यांचीच रीत होती. शेवटचा दिवस.

"काका, ब्रेक!"

रस्ता संपत आला होता. समोर टाकीची भिंत.

"ब्रेक दाबा, काका!"

सरांनी पाय लांब केला. पेडल हातभर दूर राहिलं. काकांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, आणि गाडी रोज थांबते तशी आजही थांबेल, म्हणून ते शांतपणे वाट बघत होते.

काकांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, सरांच्या कपाळाला टाके पडले. भिंतीच्या विटा निखळल्या होत्या. चारही चाकांना मात्र ओरखडासुद्धा नव्हता. दवाखान्यात सर काकांच्या खाटेशी बसले होते तेव्हा काका पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "मी दाबला होता हो, सर. रोज दाबतो तसाच दाबला होता."

टाके ओले असतानाच सर शेडमध्ये गेले. गोदामवाला त्याच स्टुलावर होता.

"सामान परत घ्या. पैसे नकोत."

"सुटं परत घेत नाही," तो म्हणाला. सरांच्या कपाळाकडे त्याने बघणं टाळलं. "द्यायचं तर गाडीसकट द्या."

गाडीसकट? मग खायचं काय? सर तणतणत घरी आले आणि त्यांनी मेस्त्रीला बोलावून डावीकडची दोन्ही पेडलं मुळापासून कापून काढायला लावली. मशिनच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हा ते बाजूला उभे राहून बघत होते. तुकडे त्यांनी स्वतः नेऊन भट्टीवाल्याला दिले आणि ते लाल होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

"सीट पण काढू?" मेस्त्रीने विचारलं होतं. "आणि चाकं?"

सरांनी क्षणभर विचार केला. जुनी सीट कधीच देऊन टाकली होती. नवीचा भाव ऐकूनच घाम फुटायचा. "सीटला काय झालंय? सीट काय ब्रेक लावते?" ते म्हणाले. मेस्त्रीने गाडीचं चेपलेलं नाक ठोकून सरळ केलं. धक्क्याने उजवीकडच्या पेडलांची रबरं फाटली होती, तेवढी तीनही नवीन घालून तो गेला.

नवा डबल कंट्रोल मागवला होता. दुकानदार रोज "उद्या" म्हणत होता. तोवर क्लास बंद. सर घरात येरझाऱ्या घालायचे, खिडकीतून गाडी बघायचे, पुन्हा बसायचे. त्यांना वाटलं होतं लेक आता चावीकडे बघणारही नाही. झालं उलटंच. अपघाताच्या आधीच तिची परीक्षा झाली होती, तिला लायसन्स मिळालं होतं, आणि ती एकटी गाडी घेऊन गावभर फिरत होती. भाजी आणायला गाडी, औषध आणायला गाडी.

"तुला भीती नाही वाटत?" सरांनी विचारलं.

"काका घाबरले असतील, बाबा. मला नाही वाटत आता." तिने चावी बोटाभोवती फिरवली. "खरंच. एकटी असले तरी एकटी आहे असं वाटतच नाही."

सरांनी मान डोलावली. मग उठून बाहेर गेले आणि गाडीच्या डाव्या बाजूला, खाली वाकून, हात घालून बघितलं. पेडलं नव्हती. कापलेल्या जागा रंगवलेल्या होत्या. त्यांना हायसं वाटलं आणि वाटलंही नाही.

बायको लेकीबरोबर जायची तेव्हा मागे बसायची. "पुढे बस की," सर म्हणाले, तर तिने नाक मुरडलं. "नको. तिथे पाय नीट ठेवता येत नाहीत. कोणाच्या तरी पायात पाय येतात असं वाटतं."

"काहीतरीच."

"असेल काहीतरीच. मी आपली मागे बरी."

मायलेकींचं डोंगरापलीकडे मावशीकडे जायचं ठरलं. लेकीची गावाबाहेरची पहिली फेरी. जाताना चढ, मग पलीकडे सगळा उतार, वळणावळणांचा. सरांना रात्री डोळा लागला नाही. सकाळी उजाडल्या उजाडल्या ते बादली आणि फडकं घेऊन गाडीपाशी गेले. काच पुसली, आरसे पुसले. हवा बघितली. मग उजवीकडचं दार उघडून मॅट झटकायला वाकले.

तीन पेडलं, तीन नवी रबरं. क्लचचं रबर मधोमध गुळगुळीत झालं होतं. ॲक्सिलरेटरचं झिजून चकाकत होतं, लेकीच्या चपलेची कडसुद्धा त्यावर उमटली होती.

ब्रेकचं रबर कोरं होतं. साच्यातून निघताना रबराला बारीक केसांसारखे कोंब राहतात, ते अजून तसेच उभे होते. सरांनी बोट फिरवलं. दोन कोंब त्यांच्या बोटाखाली मोडले.

त्यांनी क्लचचं रबर चाचपलं, मग पुन्हा ब्रेकचं. मागून लेकीचा आवाज आला. "बाबा, सरका, उशीर होतोय."

"जरा बस आधी. ब्रेक दाब बघू."

"आता?"

"दाब म्हणतो ना!"

ती बसली आणि तिने ब्रेक दाबला. पाय नीट पडला, पेडल नीट खाली गेलं. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा दाबला. "झाली परीक्षा?" ती हसत म्हणाली.

"मी येतो बरोबर."

"आणि गुडघा?" बायको मागचं दार उघडत म्हणाली. सरांनी चमकून तिच्याकडे बघितलं. "मला काय डोळे नाहीत? डोंगरात तासन्‌तास पाय दुमडून बसणार आहात? पोरीला जरा मोकळी सोडा. इतक्या जणांना सोडलंत, आपल्याच पोरीच्या वेळी हात सुटत नाही तुमचा."

बायकोचं बोलणं बरोबर होतं, म्हणजे इतर कोणत्याही दिवशी बरोबर ठरलं असतं. लेकीचा पाय हलका असेल. टोकाने दाबत असेल. रबर चांगल्या जातीचं असेल. सर स्वतःची समजूत घालत होते आणि त्यांचा हात दाराच्या काचेवरून निघत नव्हता. लेकीने तो हळूच बाजूला केला.

"बाबा. हळूच जाते."

गाडी सुरू झाली. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गल्लीला उतार होता. काचा खाली होत्या. लेकीने आरशात बघून केस मागे सारले, पट्टा लावला, पहिला गिअर टाकला. सगळं शिकवल्याप्रमाणे. गाडी सरांच्या समोरून पुढे निघाली आणि उघड्या खिडकीतून त्यांना तिच्या शेजारची रिकामी सीट दिसली.

ती मागे सरकत होती.

अलगद. शेवटच्या खाचेपर्यंत.

टक्.

सर धावले. दुसऱ्याच पावलाला गुडघा वाकला आणि ते गल्लीत दोन्ही हातांवर पडले. "ब्रेक!" ते ओरडले. "अगं, तू दाब! तू दाब!"

लेकीने आरशात त्यांना बघितलं असावं. खिडकीतून तिचा हात बाहेर आला आणि तिने निरोपाचा हात हलवला.

खाली, गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावरून एक बस आडवी येत होती. सर जमिनीवरून गाडीच्या मागच्या दोन लाल दिव्यांकडे बघत राहिले. ते अजून लागले नव्हते.